बानशान घट : काळा रंग भट्टीत तांबडा होतो, रेषा हाताला लागतात

रेषाओढ

नमस्कार. बानशान पद्धतीचा मोठा रंगीत घट करायला घेतला आहे. बानशान म्हणजे वायव्य चीनमधल्या गान्सूकडच्या माजियायाओ संस्कृतीचा मधला टप्पा, सुमारे इ.स.पू. २६५० ते २३५०. हुबेहूब नक्कल नको आहे, पण रीत तीच हवी : वळ्या रचून उभारणी, रंग भाजण्याआधी, वर काचेचा लेप नाही. पोटाचा व्यास ३५ सें.मी., भिंत ६-७ मि.मी. खांद्यावर चार मोठे भोवरे, मधून लाल पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना करवतीसारख्या दात्यांचे काळे पट्टे.

चाचणीच्या फरश्या इलेक्ट्रिक भट्टीत ९५० अंशांवर भाजल्या. काळ्यासाठी ब्लॅक आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून वापरलं होतं. ते सगळं विटकरी होऊन बाहेर आलं, आणि बोट फिरवलं तर बोटाला लागतं. दाते पसरून त्यांची नुसती लाट झाली आहे. शिवाय दोन दिवसांनी फरश्यांवर पांढऱ्या कणाभोवती टवके उडायला लागले. चार भोवरे गोल अंगावर कसे बसवायचे हाही प्रश्न आहेच, पण आधी काळ्याचं काय ते सांगा.

---

भट्टीघर

तुमच्या भट्टीचं काही चुकलेलं नाही. ब्लॅक आयर्न ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट. मोकळ्या हवेत तापवलं की ते आणखी ऑक्सिजन घेतं आणि त्याचं हेमॅटाइट होतं, म्हणजे गेरूच. इलेक्ट्रिक भट्टीत हवा कायम खेळती असते, त्यामुळे ९५० अंशांवर ते काळं राहील ही आशाच नको. बानशानच्या घटांवर तेच अंग तांबूस-पिवळं आणि तीच रेषा काळी दिसते, कारण तो काळा मँगनीजचा आहे. माजियायाओ काळ्याच्या रासायनिक तपासण्यांमध्ये मँगनीज आणि लोह एकत्र सापडतात. मँगनीजची ऑक्साइडं हवेशीर भट्टीतही गडद राहतात. लोह जोडीला असेल तर दोघांचं मिळून एक काळं संयुग बनतं, त्यामुळे नुसत्या मँगनीजपेक्षा हे मिश्रण जास्त काळं दिसतं. नुसतं मँगनीज वापरलंत तर रंग कॉफीच्या बियांकडे झुकतो.

सुरुवातीला वजनाने मँगनीज डायऑक्साइड ५ भाग, रेड आयर्न ऑक्साइड २ भाग आणि तुमच्याच मातीचा निथळलेला बारीक गाळ ३ भाग घ्या. हा तिसरा घटक तुम्ही वगळलात, म्हणून रंग बोटाला लागतोय. ऑक्साइडची भुकटी एकमेकांना धरत नाही आणि मातीलाही धरत नाही, तिला बांधून ठेवणारा बारीक चिकणमातीचा कण लागतो. गाळ काढायला माती भरपूर पाण्यात ढवळा, जाड कण खाली बसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि त्यात तळाशी जे बसेल ते घ्या. मग तिन्ही गोष्टी ओल्या खलात निदान अर्धा तास घोटा. चीनच्या शान्शी प्रांतातल्या जियांगजाय इथे यांगशाओ काळातल्या (माजियायाओच्या आधीची संस्कृती) एका थडग्यात झाकणासकट दगडी खल, घोटायचा दगड, पाण्याचा मातीचा पेला आणि काळ्या रंगाचे खडे असा पूर्ण संच मिळाला आहे. घोटण्याची पायरी तेव्हाही कुणी टाळत नव्हतं.

रंग जाड झाला तरी तो सोलून निघतो. गाळाचं प्रमाण ४ भागांच्या वर नेलंत किंवा रंग पूर्ण वाळलेल्या अंगावर दिलात तर रंग आकसतो, अंग आकसत नाही, आणि पापुद्रे सुटतात. अंग चामड्यासारखं असताना, म्हणजे नख दाबलं तर खूण उमटते पण बोट चिकटत नाही अशा वेळी रंगवा.

तापमानाची गोची अशी : रंग पक्का बसायला जास्त उष्णता हवी, आणि घटाचं अंग गोट्याने घोटून आणलेली चकाकी १००० अंशांच्या आसपास मरायला लागते. म्हणून आकडा वाढवू नका, वेळ वाढवा. १२० अंशांवर दोन तास, तिथून ६०० पर्यंत ताशी ८० ते १००, पुढे ताशी १५०, आणि ९७० ला पाऊण तास धरून ठेवा. ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, त्यामुळे चढताना आणि उतरताना तो टप्पा घाईने ओलांडू नका. एवढ्या रुंद घटाला तिथेच आडवी चीर जाते. १०८० च्या वर तर जाऊच नका. मँगनीज तिथे ऑक्सिजन सोडायला लागतं, रेषेवर फोड येतात आणि ती चमकदार डांबरासारखी दिसते.

मँगनीजची धूळ आणि भट्टीतून निघणारी त्याची वाफ मज्जासंस्थेला घातक आहे. कोरडी भुकटी हाताळताना चांगला मास्क घाला, आणि भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका. घटात खायचं-प्यायचं काही ठेवायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

---

धूरधार

मँगनीजच्या भानगडीत न पडता शेवटी भट्टी बंद करून धूर कोंडला तर? लोंगशानची (यांगशाओनंतरची चिनी संस्कृती) काळी भांडी तशीच केलेली आहेत ना? लोखंडाचा रंगही मग काळा राहील.

---

खापरखूण

धूर कोंडलात तर रेषा काळी होईल हे खरं, पण तिच्यासोबत सगळा घटही काळा होईल. लोंगशानमध्ये नेमकं तेच हवं होतं. शानदोंगमधले ते उंच पायाचे, अंड्याच्या टरफलासारखे पेले काठाजवळ अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ आहेत. त्यांचं काळेपण म्हणजे भाजणीच्या शेवटी मातीच्या छिद्रांत शिरलेला कार्बन. तिथे रंगाची रेषा नाहीच. सजावट म्हणजे चकाकी, फिरत्या चाकावर काढलेल्या कडा आणि पायाला कोरलेली भोकं.

लोहाचा काळा आणि अंग लाल, हे भट्टी आधी मोकळी, मग बंद, मग पुन्हा मोकळी ठेवून साधता येतं. ग्रीक भांड्यांची रीत तीच. पण त्यासाठी लेप इतका बारीक लागतो की तो भट्टीत काचेसारखा मिटून जावा आणि तिसऱ्या टप्प्यात हवा आत शिरू नये. गान्सूच्या कुंभारांना याची गरजच नव्हती, मँगनीज त्यांचं काम मोकळ्या हवेच्या साध्या भाजणीत करत होतं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण 'चिनी रंगीत मृद्भांडी' या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार सर्रास मिसळले जातात. चिनीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. 'त्साय-ताओ' म्हणजे आधी रंग, मग भाजणी. 'त्साय-हुई-ताओ' म्हणजे आधी भाजणी, मग रंग. यांगशाओ आणि माजियायाओ पहिल्यात येतात. बानपो या यांगशाओ गावातल्या भट्ट्या जमिनीत खोदलेल्या होत्या : पुढे जळणाची जागा, तिथून जाळ वर नेणाऱ्या वाटा आणि जेमतेम मीटरभर व्यासाची गोल खोली. हवा खेळती राहायची, भांडी लालसर निघायची, आणि लालसर अंगावर मँगनीजचा काळा उठून दिसायचा. पुढे लोंगशान काळात भट्टीचं तोंड लिंपून हवा तोडण्याची रीत पसरली आणि करडी-काळी भांडी वाढली. करड्या अंगावर काळी रेषा कुणाला दिसणार? भाजण्याआधीची रंगकला मागे पडली त्याला माझ्या मते हे मोठं कारण आहे. अभिरुची बदलली वगैरे नंतरचं. दोरीचे, टोपलीच्या विणीचे, ठशांचे नक्षीकाम करड्या अंगावरही दिसतं, म्हणून ते टिकलं.

रंग परत आला तो भाजणीनंतर. शान्शीच्या पूर्वेला शान्सी प्रांत आहे (दोन वेगळे प्रांत, गफलत नको), तिथल्या ताओसीची वेटोळ्या नागाची ताटली घ्या : काळं अंग आणि त्यावर भाजणीनंतर काढलेला लाल नाग. ईशान्य चीनमधल्या 'लोअर शियाजियादियान' या कांस्ययुगीन संस्कृतीची दादियानजी इथली भांडी तशीच, काळ्यावर लाल आणि पांढरा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतले करडे घटही याच जातीचे. हे रंग भट्टीत गेलेलेच नसतात, म्हणून ओल्या कापसालाही उतरतात.

रेषाओढ, तुमच्या फरश्यांवर आत्ता जे झालंय ते दिसायला पहिलं आणि वागायला दुसरं आहे.

---

रेषाओढ

हे शेवटचं वाक्य लागलं. :) गाळ न घालण्याची चूक कळली.

आता आखणीचं सांगा. रंग नेमका कुठवर आणायचा? छायाचित्रांत खालचा निम्मा घट कोरा दिसतो, तो कोरा सोडला तर अर्धवट वाटणार नाही ना? आणि दाते काढताना ब्रश कोणता?

---

चाकफेर

कोराच सोडा. छायाचित्र समोरून काढलेलं असतं, त्यामुळे फसगत होते. बानशानचा घट जमिनीवर ठेवलेला आणि आपण शेजारी उभे किंवा बसलेलो, अशा नजरेने बघा. रुंदी मध्याच्या जरा वर सर्वांत जास्त, तिथून बूड झपाट्याने निमुळतं. वरून पाहणाऱ्याला तो खालचा भाग दिसतच नाही. उलट गळ्याच्या बरोबर वरून पाहिलं तर चार भोवरे मिळून एक फूल होतं आणि गळा त्याचा मध्य. नक्षी आखली आहे ती त्या नजरेसाठी. उथळ परातींना हाच न्याय उलटा लागतो : बानपोची माणसाचा चेहरा आणि मासे असलेली सुमारे ४० सें.मी. तोंडाची परात, किंवा छिंगहायमधल्या शांगसुनजियाजाय इथे १९७३ मध्ये मिळालेली पाच-पाच नर्तकांच्या तीन रांगांची परात, दोन्हींवर मुख्य चित्र आतल्या बाजूने आहे.

रंगाची खालची हद्द दोन कानांच्या, म्हणजे बाजूच्या कड्यांच्या, पातळीवर ठेवा. तिथे एक काळी आडवी रेघ, आणि तिच्याखाली लोंबत्या झालरीसारखी कमानींची एक ओळ. ही ओळ असली की खालचा कोरेपणा ठरवून सोडलेला दिसतो.

आखणीला फूटपट्टी नको. तुमच्या पोटाचा घेर साधारण ११० सें.मी. येईल. सर्वांत रुंद जागी दोरा गुंडाळा, कापा, दोनदा दुमडा. पाव घेर मिळाला, सुमारे २७.५ सें.मी. दुमडीच्या खुणांवर चार ठिपके द्या. आता दोरा काढून घट हाताने फिरणाऱ्या चाकावर ठेवा, ब्रश स्थिर धरा आणि चाक फिरवून गळ्याच्या बुडाशी एक व कानांच्या पातळीवर एक अशी दोन वर्तुळं घ्या. भोवऱ्यांचे मध्य या दोन रेघांच्या मधोमध. इथे सगळ्यांचीच एक चूक होते : मध्य अगदी रुंद जागेवर ठेवला जातो, आणि मग वरून बघताना भोवऱ्याचा खालचा अर्धा भाग अंगाच्या वळणाखाली गडप होतो. मध्य तिथून निदान ५-६ सें.मी. वर घ्या.

मग फक्त लाल. पहिल्या भोवऱ्याच्या माथ्यावरून निघालेला पट्टा तिरका उतरून दुसऱ्याच्या तळाखालून जातो, त्याला वळसा घालून माथ्यावर येतो आणि तिथून तिसऱ्याकडे. चारही झाले की लाल पट्टा आपल्याच सुरुवातीला येऊन मिळायला हवा. नाही मिळाला तर ओल्या स्पंजाने पुसा आणि पुन्हा काढा, कारण पुढचं सगळं काळं या लाल सांगाड्याला समांतर जाणार आहे. सांगाडा ५ मि.मी. चुकला तर शेवटच्या भोवऱ्यात दोन-अडीच सें.मी. चा खड्डा पडतो आणि तो भरायला मग ठिगळासारखी जादा रेघ काढावी लागते. (अशी ठिगळं खऱ्या घटांवरही दिसतात. ती शोधणं हा एक वेगळाच छंद आहे.)

बानशानचा लाल जांभळट असतो. गेरू फार बारीक घोटलात तर तो नारिंगीकडे जातो. थोडा भरड ठेवा.

काळा पट्टा लालपासून २-३ मि.मी. अंतर सोडून काढा आणि दात्यांची टोकं लालकडे वळलेली ठेवा. मऊ केसांचा, टोकदार, लांब केसांचा ब्रश हवा. ताठ केसांच्या ब्रशला पोटात रंग साठवता येत नाही आणि दर चौथ्या दात्याला तो कोरडा पडतो. दाता म्हणजे काढलेला त्रिकोण नव्हे. ब्रशचं पोट काळ्या पट्ट्यावर टेकवायचं आणि टोकाच्या दिशेने उचलत न्यायचं, दाब सुटला की टोक आपोआप येतं. रंग इतका दाट हवा की उभ्या ब्रशवरून थेंब पडायला दोन-तीन सेकंद लागावेत. तुमचे दाते पसरले त्याची दोन कारणं असू शकतात : रंग पातळ होता, किंवा रंगवल्यावर लगेच घोटाई केलीत. घोटाईचा मुख्य हात रंगाआधी फिरवा. रंगानंतर, तो पूर्ण झिरपून मंद झाल्यावर, गुळगुळीत गोट्याने अगदी हलका दाब द्या, तोही पट्ट्याच्या दिशेनेच. आडवा हात फिरला की दाते गेले.

हे अवघड वाटत असेल तर आधी मियाओदिगोऊ पद्धतीची फुलपाकळी एका वाडग्यावर करून पाहा. हनानच्या या ठिकाणची यांगशाओ भांडी बानशानहून हजारेक वर्षं जुनी. तिथे कुंभार पाकळी रंगवतच नाही. ठिपके मांडतो, त्यांच्या भोवती वक्र बाजूंचे काळे त्रिकोण भरतो, आणि मध्ये उरलेली कोरी माती पाकळी होते. पुरातत्त्वज्ञ सू बिंगछी यांनी त्यात गुलाब आणि शेवंती ओळखली होती. ते मान्य करा किंवा नका करू, पण उरलेल्या जागेकडे बघायची सवय त्यातून लागते, आणि भोवऱ्यांच्या मधली जागा भरताना तीच कामाला येते.

---

भट्टीघर

टवक्यांचं राहून गेलं होतं. ते पांढरे कण चुन्याचे. मातीत चुनखडीचे खडे असतील तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. बाहेर आल्यावर तो हवेतलं बाष्प पितो, फुगतो आणि वरचं कवच उडवतो. म्हणून दोन दिवसांनी. माती ओली करून ८० नंबरच्या चाळणीतून गाळा, खडे निघून जातील. पीठ झालेला चुना राहू द्या, तो उपयोगी आहे : चुनेदार मातीत भाजणीनंतर लोहाचा लाल फिका पडून अंग पिवळसर होतं. माजियायाओ भांड्यांचा तो नारिंगी-पिवळा रंग हवा असेल तर चुना लागतोच. बिनचुन्याच्या लाल मातीवर काळी रेषा उठते, पण घट बानशानचा न दिसता यांगशाओचा दिसतो.

याच मातीच्या पुढच्या फरश्या वाचवायच्या असतील तर भट्टीतून हाताला सोसतील इतक्या गरम असताना काढून लगेच पाण्यात पूर्ण बुडवा आणि तासभर ठेवा. चुना फुगण्याऐवजी विरघळून पसरतो. नंतर सावकाश वाळवा.

वाळू मिसळायची का, असं कुणी विचारेल म्हणून : स्वयंपाकाच्या भांड्यांत ते वाळू घालत, जाळावर तडकू नये म्हणून. रंगीत घट जाळावर जात नव्हते, त्यांची माती बारीक. वाळूचा कण रेषेत आला की घोटताना तो निघतो आणि काळ्यात पांढरी टिकली राहते.

---

रेषाओढ

भरपूर मिळालं. शेवटचं एक : रंग जुळवायला एखादं खरं खापर किंवा छोटा जुना घट विकत घ्यावा का? ऑनलाइन 'थर्मोल्युमिनेसन्स प्रमाणपत्रासह' असे बरेच दिसतात.

---

खापरखूण

नका घेऊ, आणि रंग जुळवायला तर मुळीच नको. पहिली गोष्ट, गान्सू-छिंगहायच्या कबरी मोठ्या प्रमाणावर लुटल्या गेल्या आहेत, आणि बाजारातल्या बहुतेक घटांचा उगम तिथेच जातो. चीनच्या कायद्याने जमिनीखालचा पुरातन ऐवज सरकारचा.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची. ती चाचणी माती शेवटची कधी भाजली ते सांगते. रंग कधी लावला ते सांगत नाही. माचांग टप्प्याचे (माजियायाओचा बानशाननंतरचा टप्पा) साधे, कोरे घट खूप सापडतात. त्यावर आज भोवरे रंगवले तरी बुडातून खरवडलेली भुकटी चार हजार वर्षंच दाखवणार. प्रमाणपत्र खरं आणि रंग कालचा, असं सहज होतं. ओळखायचं तर भिंगातून बघा : कबरीत झाडांच्या मुळांनी आणि चुन्याच्या थराने अंगावर जाळी केलेली असते. जुन्या घटावर ती रंगाच्या वरून जाते. रेषा त्या जाळीच्या वर चढलेली असेल, किंवा टवका उडालेल्या खड्ड्यात रंग उतरलेला असेल, तर रंग नवा. नवा रंग बहुधा डिंक किंवा रेझिनमध्ये कालवलेला असतो, अतिनील दिव्याखाली त्याची वेगळी चमक दिसते. आणि कुणी ॲसिडने धुऊन 'स्वच्छ' केलेला घट असेल तर त्याच्या अंगातला चुनाच खाल्लेला असतो, रंग जुळवायला तोही निरुपयोगी.

संग्रहालयांची रंगपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रं वापरा. आणि एकाच घटावरून काळा ठरवू नका. एकाच घटावर जाळाच्या बाजूला तो निळसर काळा आणि पाठीमागे तपकिरी असतो. तुमच्या इलेक्ट्रिक भट्टीत हा फरक पडणार नाही, त्यामुळे दोन मिश्रणं करा, एकात मँगनीज ५ आणि दुसऱ्यात ६ भाग, आणि भोवऱ्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना ब्रश बदला.